लहान मुलांना खाऊ करायला शिकवताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मंडळाच्या सभागृहात मुलांचा खाऊवर्ग भरतो, हे इंदूरच्या बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. पाच ते अकरा वर्षांची वीसेक मुले असतात आणि शिकवायला आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी. एप्रिल लागला की पालकांचे प्रश्न सुरू होतात. घरी चार मुले जमवून असेच काही करायचे तर काय करावे? किती सामान आणावे? पाच वर्षांच्या मुलाच्या हातात सुरी द्यावी का? प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा आमच्या वहीत जे साठले आहे ते इथे एकत्र लिहून ठेवत आहोत. आमच्यातले कोणीही पाकशास्त्र शिकलेले नाही. काही शाळेतून निवृत्त झालेल्या, काही आम्ही बँकेतले. त्यामुळे या लेखात पाककृतीपेक्षा हिशेब आणि खबरदारी जास्त दिसली तर नवल नको.

मुलांची विभागणी

पाच-सहा वर्षांच्या चार मुलांमागे एक मोठे माणूस लागतेच. आठच्या पुढे एका माणसाला सहा मुले सांभाळता येतात. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांना एकाच लांब टेबलाभोवती उभे केले होते. पुढची मुले काम करत होती आणि मागची एकमेकांना ढकलत होती. आता सतरंजीवर चार-चार मुलांचे गोल बसवतो, प्रत्येक गोलात एक परात आणि एक मोठे माणूस. खाली बसलेल्या मुलाच्या हातून भांडे पडले तरी ते उंचावरून पडत नाही, हाही फायदा.

प्रवेशाच्या वेळी एक कागद भरून घ्यावा. मुलाला शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांपैकी कशाची अॅलर्जी आहे का? घरी कांदा-लसूण चालतो का? बोलवायचे झाल्यास कोणता फोन नंबर? काही पालक हसतात, म्हणतात की बँक सुटली तरी तुमचे केवायसी सुटले नाही. हसू द्यावे, कागद मात्र घ्यावा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले एक जरी मूल असेल तर त्या दिवशी सभागृहात दाणे आणूच नयेत. ‘त्याला वेगळे बसवू’ हा उपाय नव्हे; एकाच चमच्यानेही घात होतो. दाण्याच्या लाडवाऐवजी फुटाण्याच्या डाळ्याचा लाडू करता येतो. पाच वर्षांखालचे भावंड बरोबर आले असेल तर त्याच्या हाती अख्खा दाणा पडू देऊ नये, घशात अडकतो. कूट चालते.

विस्तव आणि धार

नऊ वर्षांखालच्या मुलांचे काम विस्तवाशिवायचे. फोडणी मोठ्यांनी करायची, मुलांनी लांबून पाहायची. शेगडीभोवती तीन फुटांवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लावतो. ‘जवळ येऊ नका’ पेक्षा ‘पट्टी ओलांडू नका’ मुलांना जास्त कळते. लायटर एकाच्या खिशात आणि सिलिंडरचा रेग्युलेटर उघडण्याचे काम दुसऱ्याकडे. तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडायची नाही, ही सवय इथे उपयोगी पडली.

गुळाचा किंवा साखरेचा पाक वर्गात अजिबात करू नये. तो उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्यामुळे चिक्की, कुरमुऱ्यांचे लाडू, पाकातले रव्याचे लाडू आमच्या यादीत नाहीत, मुलांनी कितीही मागितले तरी. तरीही कुणाला चटका बसलाच तर नळाचे साधे पाणी निदान २० मिनिटे सोडावे. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. फोड आला, चेहऱ्याला भाजले किंवा भाजलेली जागा मोठी असली तर सरळ डॉक्टर.

सुरीच्या बाबतीत लहान गटाला लोणी लावायची बोथट सुरी द्यावी. केळे, उकडलेला बटाटा, सोललेल्या काकडीच्या लांब फोडी एवढे तिने सहज चिरले जाते. कोथिंबीर टोक नसलेल्या कात्रीने कातरायला द्यावी. एका वाटीत जुडी उभी धरून कातरली की सांडतही नाही. विळी आम्ही मुलांना दाखवतो, हातात देत नाही. किसणीवर बोटे सोलतात ती शेवटच्या तुकड्याला. म्हणून आमचा नियम असा की गाजर दोन बोटांएवढे उरले की किसणे थांबवायचे आणि तो तुकडा खाऊन टाकायचा. हा नियम आजवर एकाही मुलाने मोडलेला नाही.

हिरवी मिरची मुलांच्या हाती देऊ नये. दुसऱ्या वर्षी आम्ही ती खलबत्त्यात ठेचायला दिली आणि एका मुलाने त्याच हाताने डोळा चोळला. चूक सर्वस्वी आमची. गार पाण्याने बराच वेळ डोळे धुतल्यावर तो शांत झाला, पण पुढचे तीन दिवस वर्गाला आला नाही. तेव्हापासून मिरची मोठ्यांच्या पाटावर.

माप

वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत नवे नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तर तेच माप घराघरांत रुजवले. मुलांनाही तराजूपेक्षा वाटी कळते. पण वाटी सगळ्यांची एकच हवी. एकदा आम्ही प्रत्येकाला घरून वाटी आणायला सांगितले होते. कोणाची आमटीची, कोणाची श्रीखंडाची, आणि एकीने तर चांदीची उष्टावणाची वाटी आणली. सहा गोलांत सहा चवींचे सरबत झाले. आता मंडळाने एकाच मापाच्या स्टीलच्या वाट्या घेतल्या आहेत. सपाट वाटी कोणती आणि शीग लावलेली कोणती, हे पहिल्याच दिवशी कुरमुरे भरून दाखवावे. मीठ नेहमी सपाट चमच्याने, आणि सांगितले त्याच्या निम्मे आधी घालून चव पाहायची.

पुढची सगळी मापे वीस मुलांसाठी आहेत.

दडपे पोहे

आमच्या मते पहिल्या आठवड्यात हाच पदार्थ घ्यावा. पाच वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंत प्रत्येकाला यात काही ना काही काम आहे. पातळ पोहे अर्धा किलो, दोन नारळांचे खोबरे, मध्यम कांदे चार, काकड्या दोन, लिंबे तीन, कोथिंबिरीची एक जुडी, साखर तीन चमचे, मीठ सपाट दोन ते अडीच चहाचे चमचे. नारळ फोडताना निघालेले पाणी टाकायचे नाही.

पोहे आधी चाळायचे, हे लहान गटाचे काम. चाळणीखाली काळे कापड अंथरले की किती भुसा पडतो ते मुलांना दिसते. मधला गट काकडी चोचवतो. नारळ खवणे आमच्यातल्याच एकीकडे. तिच्या खवणीभोवती मात्र नेहमी गर्दी होते, आणि दर मुलामागे चिमूटभर खोबरे कमी होते. दोन नारळ त्याच हिशेबाने धरले आहेत. मोठा गट कांदा चिरतो. कांदा अर्धा करून, सपाट बाजू खाली ठेवून द्यावा म्हणजे तो घरंगळत नाही. मग परातीत पोहे, खोबरे, कांदा, काकडी, मीठ, साखर, लिंबू हाताने कालवायचे आणि नारळाचे पाणी शिंपडायचे. ओतायचे नाही. पातळ पोहे पाणी फार लवकर पितात, आणि एकदा लगदा झाला की उपाय नाही. मग दाबून बसवायचे, वर ताट, ताटावर वजन. वीस मिनिटांनी मोठ्यांनी मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी करून, ती कोमट झाल्यावर वर घालावी.

मे महिन्यात ओले खोबरे तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये. हे पोहे डब्यात घरी पाठवायचे नाहीत, तिथेच खाऊन संपवायचे.

लाडू

पोळीचा लाडू सगळ्यांत सोपा. सोळा मध्यम पोळ्या, चिरलेला गूळ ३०० ग्रॅम, पातळ केलेले तूप आठ ते दहा टेबलचमचे. चोवीस लाडू होतात. उन्हाळ्यात रात्रीच्या पोळ्यांना आंबूस वास येतो, तेव्हा सकाळी केलेल्या आणायला सांगाव्या. मुलांनी त्या हाताने कुस्करायच्या. यात पंधरा मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ सभागृह शांत असते. बारीक झाले नाही तर मोठ्यांनी एकदा मिक्सरमधून काढावे.

दाण्याच्या लाडवाला भाजलेले शेंगदाणे अर्धा किलो आणि गूळ ३०० ग्रॅम. पस्तीसच्या आसपास लहान लाडू वळले जातात. तूप लागत नाही, दाण्याचेच तेल सुटते. यातली गंमत वळण्यात नसून पाखडण्यात आहे. दाणे चोळून साले सुटली की सूप घेऊन अंगणात जायचे. आधी वाऱ्याची दिशा बघावी. आम्ही एकदा बघितली नव्हती.

इतर काही पदार्थ

लिंबू सरबताला दहा रसदार लिंबे, ३५० ग्रॅम साखर, दोन चमचे मीठ, चार लिटर पाणी. दोनशे मिलिलिटरचे वीस पेले. मोठ्या गटाला हा भागाकार आधी पाटीवर करायला लावावा, मग पाणी मोजू द्यावे. काकडीची कोशिंबीर, केळ्याचे शिकरण ही तर एकेका मुलाने घरी परत करण्याजोगी आहेत. भेळ शेवटच्या दिवशी ठेवावी आणि कालवल्याबरोबर वाढावी. शेव इंदूरची असल्यावर वेगळे काही सांगायला नको.

श्रीखंड दोन दिवसांचे आहे. दोन किलो दह्याचा साधारण ९०० ग्रॅम चक्का पडतो, दही किती घट्ट त्यावर थोडे कमी-जास्त. पहिल्या दिवशी दही फडक्यात बांधून टांगायचे आणि खाली पातेले ठेवायचे. या गर्मीत रात्रभर बाहेर टांगू नये. तासाभराने फडक्यासकट चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये निथळू द्यावे. दुसऱ्या दिवशी चक्क्याएवढी किंवा जरा कमी पिठीसाखर घालून मुलांनी पुरणयंत्रातून काढायचे. यंत्र धरायला एक, फिरवायला एक. खालून श्रीखंड उतरायला लागले की पाच वर्षांचे मूलही आपली पाळी येईपर्यंत निमूट बसून राहते.

नऊच्या पुढच्या मुलांना इंदुरी पोहे शिकवतो. हे जाडे पोहे. धुऊन निथळायचे, हळद-मीठ-साखर लावायची, फोडणीनंतर पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम ठेवायचे. फोडणी आणि वाफ आपल्याकडे. मुलांकडे धुणे, निथळणे, आणि वरून शेव, कांदा, जिरावण भुरभुरणे. पावसाळ्यात रविवारी एखादा जादा वर्ग असेल तर भुट्ट्याचा कीस घ्यावा. बारा कोवळी कणसे, अर्धा लिटर दूध. मुलांनी अर्धे-अर्धे कणीस किसायचे, बाकी तुपावर परतून दूध आटवणे मोठ्यांचे. सराफ्यात जाऊन मुले ‘भुट्टे का कीस’ मागतात, पण त्यातला कीस आपल्या किसणीवरचाच, हे किसणी हातात आल्यावर त्यांच्या लक्षात येते.

शब्दांचे

पहिल्या वर्षी कार्यकारिणीत विचारले गेले होते की हा सांस्कृतिक कार्यक्रम कसा? श्लोकपठण आहे, नाट्यवाचन आहे, मग पोहे कशाला? आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते मुलांनीच दिले.

वर्गातली बहुतेक मुले घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. शाळा इंग्रजी, खेळ हिंदीत, आई-वडील दोघे कामावर. मराठी उरते ती आजीच्या फोनपुरती. एका सकाळी चाळणी हातात घेतलेल्या मुलीने विचारले, “आजी, मी पोहे छानू?” थोड्या वेळाने दुसऱ्या गोलातून सरबताचे पातेले घेऊन एक जण आला, “काका, हे पण छानू?” तेव्हा लक्षात आले की हिंदीत दोन्हींना ‘छानना’ म्हणतात, आपल्याकडे मात्र कोरडे ते चाळतात आणि पातळ ते गाळतात. दोघांच्या हातात दोन वेगळी भांडी होती, चाळणी आणि गाळणे. ती वर धरून दाखवली आणि शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी कोणीही चुकले नाही.

मग आम्ही यादीच करायला बसलो. हिंदीतल्या एका ‘काटना’त आपले चिरणे, कापणे, कातरणे सारे येते. भाजी चिरतात, आंबा कापतात, कोथिंबीर कात्रीने कातरतात. ‘भूनना’ म्हटले की रवा कोरडा भाजणेही आले आणि कांदा तेलावर परतणेही आले. लाडू आपण वळतो, थालीपीठ थापतो, कणीक मळतो, पोळी कुस्करतो, दही घुसळतो, कोशिंबीर कालवतो. हे शब्द फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायचा प्रयत्न आम्ही मराठीच्या वर्गात पूर्वी केला होता. फळ्यावरचे राहिले नाहीत.

म्हणून वर्गात एवढीच शिस्त ठेवतो की काम सांगताना क्रियापद नेमके वापरायचे. ‘हे कर’, ‘ते मिक्स कर’ असे मोठ्यांनी म्हणायचे नाही. आणि मूल हिंदीत बोलले तर टोकायचे नाही. त्याचेच वाक्य मराठीत म्हणून काम पुढे न्यायचे. टोकलेले मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला कोणतीच भाषा येत नाही.

यात आमचीही परीक्षा होते. आमच्यातले दोघे सर्रास ‘छौंक’ म्हणत असत. आता मुलेच त्यांना फोडणीवर आणतात.

झाडलोट आणि तक्रारी

शेवटची पंधरा मिनिटे आवरण्याची. परात घासणे, सतरंजी झटकणे, केर काढणे, ओला-सुका कचरा वेगळा करणे हे सगळे मुलांनी करायचे, मुलगे-मुली असा भेद नाही. एका पालकांनी निरोप पाठवला होता की मुलाला खाऊ शिकायला पाठवले आहे, झाडू मारायला नाही. त्यांना आम्ही वर्ग बघायला बोलावले. त्यांचा मुलगा केरसुणीसाठी दुसऱ्याशी भांडत होता. निरोप पुन्हा आला नाही, पण आमच्या अंदाजाने त्यांचे मत बदललेले नाही.

आजीचा निरोप

दडपे पोहे झाले त्या दिवशीची एक नोंद वहीत आहे, ती मापाच्या दृष्टीनेही उपयोगाची म्हणून देतो. आठ वर्षांची एक मुलगी. तिची आजी रत्नागिरीकडची, लग्न होऊन इंदूरला आली. आता थकल्या आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते. नातीची हिंदी त्यांना फोनवर उमगत नाही, त्यांचे बोलणे नातीला पुरते कळत नाही. महिन्यातून दोनदा फोन होतो तो ‘जेवलीस का’, ‘अभ्यास कर’ एवढ्यावर संपतो, असे तिच्या आईने सांगितले होते. त्या संध्याकाळी मुलीने स्वतः फोन लावला आणि मोठ्याने विचारले, “आजी, तू पोहे कशाने दडपतेस?”

आजींनी आधी दोनदा विचारून घेतले की नात हे नक्की मराठीत विचारते आहे ना. मग उत्तर बराच वेळ चालले. वजन म्हणून त्यांच्या माहेरी पाट्यावरचा वरवंटा ठेवत. लिंबू शेवटी पिळायचे, आधी नाही. पोहे भिजवायला नारळाचे पाणी पुरले नाही तर साधे पाणी न घेता आणखी खोबरे घ्यायचे, त्याचाच ओलावा येतो. काकडीचे पाणी मात्र पिळून काढायचे, नाहीतर पोहे चिकट होतात.

दुसऱ्या दिवशी मुलीने हे सगळे आमच्यासमोर म्हणून दाखवले. ‘वरवंटा’ शब्दाला ती दोनदा अडखळली. आम्ही तोवर लिंबू आधीच घालत होतो. त्या वर्षीपासून ते फोडणीनंतर पिळतो, आणि काकडी पिळून घेतो. चवीत फरक पडतो, पोहेही मोकळे राहतात. वरवंटा मंडळात नव्हता. एका सभासदांनी घरातला, बरीच वर्षे माळ्यावर पडलेला, आणून दिला. तो आता वाट्यांच्या कपाटात खालच्या फळीवर असतो. जड आहे, मुलांना एकट्याने उचलू देऊ नये.

यंदा येताना मुलाबरोबर झाकणाचा डबा, हात पुसायचे फडके आणि पाण्याची बाटली द्यावी. नखे कापलेली असावीत, केस बांधलेले असावेत. वाटी घरून आणू नये.